पोटोबा, विठोबा आणि कामाचे तास

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही आपल्याकडील जुनी म्हण. कामगारांच्या प्रश्नाची चर्चा निघाली की ती हटकून पुढे केली जाते. गरिबाला हवे असतात ते पैसे. फुरसत, वाचन, गाणे, सभा-संमेलने ही पोट भरलेल्यांची चैन होय. तेव्हा दोन तास जादा काम करून कामगाराला चार पैसे अधिक मिळत असतील तर त्याला का अडवावे, असा हा युक्तिवाद आहे. तो केवळ मालकच करतात असे नाही. सुशिक्षित मध्यमवर्गीय करतो आणि पुष्कळदा खुद्द कामगारही करतो. आज आम्हांला ह्या युक्तिवादाची इतिहासाच्या कसोटीवर परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या कापड-गिरण्यांचा इतिहास त्याला पुरेसा आहे. त्या इतिहासात असे दिसते की, कामगार आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता त्या काळी त्याने संघटितपणे जी पहिली मागणी केली, ती पैशांची नव्हती. ती वेळेची होती.

मुंबईत पहिली कापड-गिरणी काढण्याची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. त्यांत कामाला आलेला माणूस मुख्यतः कोकणातला आणि घाटावरचा. गावाकडे तो ऐषारामात लोळत होता असे कोणी समजू नये. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून, सुगीच्या दिवसांत रात्री खळ्यावर जागून त्याने काम केलेले होते. परंतु शेतीच्या कामाला भरती-ओहोटी असते. पेरणी झाली, कापणी झाली की मध्ये उसंत मिळते. जत्रा असते, लग्नसराई असते, आषाढीची वारी असते. गिरणीच्या कामाला ओहोटी नव्हती. सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद, हा त्या वेळचा नियम. विजेचे दिवे नव्हते म्हणून सूर्य हाच मुकादम होता. मुंबईत हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा व ऐन उन्हाळ्यात सव्वातेरा तासांचा असतो. त्यातून जेवणाची थोडी सुटी वजा केली की उरेल तेवढे काम. आठवड्याची अशी ठरलेली पुरी सुटी नव्हती. काही गिरण्या रविवारी बंद असत, परंतु त्या दिवशी यंत्रे साफ करण्यासाठी कामगाराला यावे लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई. मोठ्या सणांचे काही दिवस सुटत, तेवढीच काय ती मोकळीक.

ह्याच काळातील एक योगायोग आपल्यासारख्या श्रोत्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. संध्याकाळी, उन्हे उतरल्यावर, नागरिकांनी एकत्र जमावे आणि देशाच्या, समाजाच्या, विद्येच्या गोष्टी ऐकाव्यात ही ती कल्पना. त्याच १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिले कमिशन नेमले. कामाच्या तासांवर कायद्याने बंधन घालावे काय, हा त्या कमिशनपुढचा एक मुख्य प्रश्न होता आणि कमिशनचे बहुमत कायद्याच्या विरुद्ध गेले. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रात व्याख्यान ऐकण्याची संध्याकाळ सुरू झाली, त्याच वर्षी गिरणी कामगाराला संध्याकाळ असावी की नसावी ह्याची चौकशी होऊन ती नसली तरी चालेल असा निकाल लागला!

तरीही १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सोराबजी शापूरजी बंगाली ह्या पारशी गृहस्थांनी त्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले होते. हा कायदा अगदी तोकडा होता. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता, आणि त्याने संरक्षण दिले ते फक्त मुलांना. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि त्याला महिन्याला चार सुट्या द्याव्यात, एवढेच. वयात आलेल्या स्त्रीपुरुषांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

ह्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दाब होता ही गोष्ट खरी आहे. मुंबईचा स्वस्त कपडा त्यांच्या डोळ्यांत सलत होता. म्हणून आपल्याकडील बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. देशी धंदा बुडवण्याचा हा परक्यांचा डाव आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या देशभक्तीविषयी आम्हांला शंका नाही. पण पहाटे गिरणीत शिरून सूर्यास्ताला बाहेर पडणाऱ्या मुलाला लँकेशायरचा हेतू शुद्ध आहे की अशुद्ध ह्याच्याशी कर्तव्य नव्हते. ही गोष्ट ज्या थोड्यांनी ओळखली त्यांत ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे प्रमुख होत.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक. जन्म १८४८ सालचा. रेल्वेत, टपाल खात्यात आणि नंतर एका गिरणीत त्यांनी नोकरी केली होती. म्हणजे कामगाराचे जिणे त्यांनी लांबून पाहिलेले नव्हते. १८८० साली ‘दीनबंधु’ त्यांच्याकडे मुंबईला आले. १८८४ साली सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमले, तेव्हा त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडण्यासाठी लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचा अर्ज तयार केला. हिंदुस्थानच्या कामगार चळवळीचा हा पहिला जाहीरनामा असे म्हणावयास हरकत नाही.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. पहिली, आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी असावी. दुसरी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. चौथी, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाचवी, कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा पंगू होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

श्रोतेहो, ह्या यादीकडे नीट पाहा. पाचांपैकी तीन मागण्या निव्वळ वेळेच्या आहेत आणि त्या तीन पहिल्या आहेत. चौथी पैशांची खरी, पण ती हक्काचा पगार वेळेवर मिळण्यापुरती. पगार वाढवा अशी मागणी ह्या पाचांत नाही. हे लोक काही भरल्या पोटाचे नव्हते. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे करून राहणारी, सावकाराचे व्याज फेडता फेडता थकलेली, महिन्याचा पगार हाती पडेपर्यंत वाण्याकडे उधारी करणारी ही माणसे. त्यांना पैसा नको होता असे कोण म्हणेल? पण मागण्यांचा क्रम लावण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी वेळ आधी मांडली.

आणि ती फुकट मिळणार नव्हती हेही त्यांना ठाऊक होते. साचेवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर, तुकड्यावर असे. साचा बंद तर मजुरी बंद. अशा माणसाने आठवड्याचा एक दिवस मागणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. भरपगारी सुटी ही कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तरीसुद्धा त्याने रविवार मागितला. ह्याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

अर्ज केल्याबरोबर रविवार मिळाला असे नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोखंडे यांनी कामगारांची प्रचंड सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १८९० सालच्या मुंबईत गिरणीत राबणाऱ्या बाईने दहा हजारांच्या सभेपुढे उभे राहावे, ही गोष्ट साधी नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्वांना मिळाली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचे काम सात तासांवर आले. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत मृत्यू पावले. आज आपण ज्याला निवांतपणे ‘रविवार’ म्हणतो, तो कोणा साहेबाने दिलेला प्रसाद नाही. खंडोबाच्या ह्या वारावर गिरणी कामगारांच्या सहा वर्षांच्या मागणीचीही मोहोर आहे.

रविवार मिळाला, परंतु रोजच्या तासांना धरबंध नव्हताच. प्रौढ पुरुषाकडून किती तास काम घ्यावे ह्याला १८९१ च्या कायद्यानेही मर्यादा घातली नाही. मग कामगार काय करी? जी उसंत कायदा देत नव्हता ती तो आपल्या हाताने घेई. बिडी ओढायला म्हणून साच्यावरून उठे, नळावर जाई, पडवीत घटकाभर पाठ टेके. शेजारचा तेवढा वेळ त्याचा साचा सांभाळी. महिन्यातून काही दिवस खाडा करी आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. वर्षातून एकदा गावी गेला की लवकर परतत नसे. मालकांनी व चौकशी-समित्यांनी ह्या गोष्टीचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला आहे आणि त्यावरून मुंबईचा कामगार आळशी, बेशिस्त असा निष्कर्ष काढला गेला आहे. आमचा निष्कर्ष निराळा आहे. मनुष्याचे शरीर तेरा तास सलग यंत्राबरोबर धावू शकत नाही. कागदावर तास कितीही लिहा, शरीर आपली मर्यादा आपणच आखते. शिवाय खाड्याच्या दिवसाची मजुरी बुडते हे त्या माणसाला ठाऊक होते. ती बुडवूनही तो घरी राही किंवा गावी जाई, ह्याचा अर्थ आपला वेळ तो पैसे मोजून परत विकत घेत होता.

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या पुष्कळ गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा जो काही आधार होता तोही सुटला. धंद्यात तेजी होती. दिवस मावळला तरी यंत्रे चालू लागली. कामाचा दिवस चौदा तासांवर, काही ठिकाणी त्याहूनही लांबला. कामगारांनी ठिकठिकाणी काम थांबवून विरोध केला. शास्त्राचा शोध माणसाच्या घरात उजेड पाडील असे आपण म्हणतो. येथे त्या उजेडाने कामगाराची रात्र हिरावून घेतली. ह्या गोष्टीचा गवगवा झाल्यामुळे १९०६ साली सरकारने एक समिती नेमली व तिने प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा सुचवली. तिच्यामागून आलेल्या १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनच्या बहुमताला प्रौढ पुरुषाच्या तासांवर थेट बंधन पसंत नव्हते. मोठा माणूस आपले हित आपण पाहील, कायद्याने मध्ये कशाला पडावे, असा त्या मताचा मथितार्थ. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर ह्या एकाच सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेची बाजू घेतली. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड-गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. बारा तास ही त्या काळची सुधारणा होती, हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर वारे बदलले. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हे जगाचे प्रमाण म्हणून ठरवले; हिंदुस्थानला मात्र सवलत देऊन आठवड्याचे साठ तास ठेवले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे हजर होते. इकडे मुंबईत २ जानेवारी १९२० पासून गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार महिनाभर बाहेर होते. महागाईने ते पिचले होते, म्हणून पगारवाढ ही मागणी होतीच. पण तिच्या जोडीला कामाचे तास कमी करा ही मागणी होती. संप मिटला तेव्हा दोन्ही गोष्टी पदरात पडल्या. पगार वाढला आणि बारा तासांचे दहा तास झाले. कायद्याने १९२२ साली मर्यादा घातली ती दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची. मुंबईच्या कामगाराने त्याआधीच दहा तास मिळवले होते. तास कमी केले की मजुरी कमी होणारच, हा जो सिद्धांत पन्नास वर्षे पढवला जात होता, तो ह्या एका संपाने खोटा ठरवला.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे चौपन्न तास झाले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने ते अठ्ठेचाळीसवर आले आणि जादा तासांना दुप्पट दर लागू झाला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हेच कायम केले व भरपगारी रजाही दिली. सूर्योदय ते सूर्यास्त येथपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत पोहोचावयास पहिल्या गिरणीपासून नव्वद वर्षे लागली.

तास कमी झाल्यावर कामाची घाई वाढवून ती भरपाई करण्याचे प्रयत्नही झाले. एका माणसाने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत अशा योजना आल्या, आणि १९२८ सालचा सहा महिन्यांचा संप बऱ्याच अंशी त्याविरुद्ध होता. म्हणजे वेळेचा हिशेब केवळ घड्याळावर होत नाही. सुटल्यावर माणसाच्या अंगात काही त्राण उरते की नाही, हेही पाहावे लागते.

आता प्रश्न असा की, मिळालेल्या वेळाचे कामगाराने केले काय? काहींनी दारूच्या गुत्त्यात घालवला. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गुत्ते बारा तासांच्या काळातही ओस नव्हते. थकून चूर झालेल्या माणसाला ग्लानी हवी असते. उसंत मिळालेल्या माणसाला त्याहून काही बरे सुचण्याची शक्यता असते. गिरणगावात ते सुचले. चाळीचाळींतून भजनी मंडळे उभी राहिली, आखाडे आणि लेझीमपथके निघाली, कोकणी मंडळींची नमने व दशावतार, घाटावरच्यांचे तमाशे यांना प्रेक्षक मिळाला. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तीच वाट पुढे ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईत रात्रशाळा व वाचनालये काढून रुंद केली. परळच्या दामोदर सभागृहात कामगार रंगभूमीची कितीतरी नाटके झाली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यातले अण्णाभाऊ गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या गिरणगावाने रस्ते भरून टाकले, ते गिरणगाव सभा ऐकायला, पत्रक वाचायला, शाहिराचा पोवाडा घरी नेऊन म्हणायला संध्याकाळ असलेले गिरणगाव होते. बारा तासांच्या कामगाराला मत असते, पण ते बनवायला व बोलायला वेळ नसतो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ही संध्याकाळ मुख्यतः पुरुषाची होती. गिरणीतून सुटलेल्या बाईला घरी दुसरी पाळी असे. नळावर पाण्याची रांग, चूल, मुले. ज्या बायका खानावळी चालवीत त्या तर दहा-वीस गड्यांचे जेवण रांधून त्यांच्या पाळ्या सांभाळीत. भजनाला बसलेल्या पुरुषाची भाकरी कोणीतरी थापली होती. कामगार संघटनांनी कारखान्यातील तास मोजले, घरातले मोजले नाहीत. हा हिशेब अद्याप बाकी आहे.

येथवर इतिहास झाला. आता वर्तमानाकडे वळू. आजच्या औद्योगिक वसाहतींत जादा कामाला कामगारांच्या बोलीत ‘ओटी’ म्हणतात. घरात लेकीसुनेची ओटी भरतात ती मायेने. कारखान्यातील ओटी तासांनी भरते. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर ठेवला तो कशासाठी? मालकाला जादा काम महाग पडावे, त्याने ते शक्यतो घेऊच नये, त्यापेक्षा आणखी माणूस नेमावा, ह्यासाठी. तो मालकावरचा लगाम होता. प्रत्यक्षात तो कामगारापुढचे आमिष झाला. ओटी मिळावी म्हणून मुकादमाची मनधरणी करणारे कामगार आम्ही पाहिले आहेत, आणि संघटनेपाशी न बोलता आपसांत ओटीवरून भांडणारेही पाहिले आहेत.

त्यांना आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, मुलाची फी ह्यांपुढे उपदेश चालत नाही. पण दुप्पट दराचा हिशेब एकदा सावकाश करून पाहावा. जादा तासांच्या मोबदल्यावर भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही; म्हणजे मालकाचीही त्यात भर पडत नाही. ग्रॅच्युइटी मोजताना तो धरला जात नाही. दहा वर्षे रोज दोन तास जादा राबलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीच्या दिवशी त्या तासांचे काहीही पडत नाही. मालकाला मात्र नव्या माणसाची नेमणूक, रजा, निधी, बोनस हे सर्व वाचते. म्हणून दुप्पट दर देऊनही त्याला ओटी परवडते. आणि चार माणसांनी रोज दोन-दोन तास जादा काम केले की आठ तास होतात. तेवढ्यात पाचव्याची एक नोकरी बसते. तो पाचवा फाटकाबाहेर उभा असतो. पुष्कळदा तो आपल्याच घरातला असतो.

ह्याहून मोठी गोष्ट अशी की, ओटी नेहमीची झाली म्हणजे मूळ पगार वाढवण्याची निकड संपते. घरखर्च ओटी धरून बसवला जातो, कर्जाचा हप्ता ओटी धरून ठरतो. मग मंदी आली आणि ओटी बंद झाली की घर कोसळते. जो पगार अठ्ठेचाळीस तासांत पुरला पाहिजे तो साठ तासांत पुरवून घेण्याची सवय आपणच लावून घेतो. १९२० च्या कामगाराने पगार आणि तास ह्या दोन्ही मागण्या एकत्र ठेवल्या, ते ह्याचसाठी. एक सोडून दुसरी धरली की दोन्ही हातच्या जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत नेणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, चार दिवस बारा तास काम केले की तीन दिवस मोकळे मिळतील, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेतले जाईल, असे ह्या बाजूने सांगितले जाते. १९११ ची बारा तासांची स्थिती जशीच्या तशी परत आली, असे आम्ही म्हणणार नाही; ते खोटे ठरेल. पण बारा तास काम, वर येण्याजाण्याचे दोन-तीन तास, म्हणजे त्या चार दिवसांत घर हे केवळ निजण्याचे ठिकाण होते. उरलेले तीन दिवस खरोखर मोकळे राहतील की त्यांवरही ओटी बसेल, हा खरा प्रश्न आहे. आणि संमतीविषयी म्हणाल, तर दर अकरा महिन्यांनी ज्याचे कंत्राट नव्याने लिहिले जाते त्याची संमती किती मोकळी असते हे सांगावयास नको. १९०८ च्या कमिशनचेही हेच म्हणणे होते की मोठा माणूस आपले हित आपण पाहील.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या मुंबईच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि हजारो कामगारांपाशी वेळच वेळ उरला. तो वेळ फावला नव्हता, लादलेला होता. बेकाराचा दिवस रिकामा असतो. त्याला फुरसत म्हणणे ही क्रूर थट्टा होय. आम्ही ज्या वेळाविषयी बोलत आहोत तो पुरेसा पगार देणाऱ्या कामानंतर माणसाच्या हाती उरणारा वेळ. पोटोबा आणि विठोबा यांत वैर लावण्याचा आमचा हेतू नाही. लोखंडे यांच्या मागे उभ्या राहिलेल्या साडेपाच हजारांनीही ते लावले नव्हते. पोट भरल्यावर विठोबाकडे जाण्यास अंगात त्राण आणि हातात दिवस उरला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तेव्हा आमचे आपणांस सांगणे असे. अठ्ठेचाळीस तासांत घर चालेल असा मूळ पगार ही मागणी संघटनांनी पहिली ठेवावी. ओटी ही अडीनडीची गोष्ट राहावी, घराचा पाया होऊ नये. गावात जेथे वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होते तेथे ते नऊपर्यंत उघडे राहील असे पाहावे, कारण वेळ मिळाल्यावर जायला जागाही हवी. आणि आपल्यापैकी ज्यांच्या दुकानात, कचेरीत, घरात माणसे कामाला आहेत, त्यांनी आपल्या माणसाला आठवड्याची सुटी मिळते काय, हा प्रश्न आज घरी गेल्यावर स्वतःला विचारावा. ह्या मांडवात जितके लोक आज बसले आहेत, त्यांना येथे येता यावे म्हणून कोणीतरी कुठेतरी दिवे मालवणे, भांडी आवरणे, फाटकावर बसणे हे काम अजून करीतच आहे. त्यांची संध्याकाळ कधी, ह्याचे उत्तर ना. मे. लोखंडे यांनी १८८४ सालीच मागितले होते.